पोळ्याच्या तोरणाखाली आता कोण उभे राहते?

काळी माती

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो आणि शेती करतो. पोळा पंधरा दिवसांवर आला आहे. येत्या रविवारी मारुतीच्या पारावर गावाची बैठक आहे आणि बैठकीपुढे विषय एकच आहे : यंदा वर्गणीतून डीजे आणायचा की नाही. वरवर पाहता हा खर्चाचा प्रश्न दिसतो. परंतु गेली काही वर्षे मी जे पाहतो आहे, त्यावरून आमचे गाव पुढे गाव म्हणून कसे राहणार याचाच हा प्रश्न आहे असे मला वाटते, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो आहे.

आमच्या लहानपणी पोळा एका दिवसाचा नव्हताच. आदल्या दिवशी खांदशेकणी असे. बैलांना नदीवर धुऊन आणायचे, हळद-तूप कोमट करून त्यांचे खांदे शेकायचे, आणि मग घरातील वडीलधारे माणूस बैलाच्या कानाशी वाकून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे म्हणत असे. पोळ्याच्या सकाळी दारोदार पळसाच्या डहाळ्यांचे मेढे उभे राहत. दुपार कलली की आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधले जाई. त्या तोरणापाशी पोहोचेपर्यंत किती हातांचे काम झालेले असे, हे आज आठवून पाहिले तर मन भरून येते. दोर वळणारा वेगळा, आंब्याचे डहाळे आणणारा वेगळा, झुली शिवणारा शिंपी, बैलांच्या डोक्याला बांधायच्या मठाट्या आणि म्होरक्या विणणारी म्हातारी माणसे, मातीचे बैल करणारा कुंभार, घागरमाळांचे चामडी पट्टे करून देणारा कारागीर आणि डफडे-सनई वाजवणारे गावातलेच लोक. यांपैकी एक जण आजारी पडला तर सगळ्या गावाला ते कळत असे, कारण त्याचे काम अडून राहत असे.

तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होत. ज्यांनी झडत्या ऐकलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक जण पुढे येऊन चार-सहा ओळींचे कवन म्हणतो, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' असा गजर होतो आणि लगेच दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर येते. या झडत्यांमध्ये देवादिकांच्या गोष्टी असत, तशाच त्या वर्षीच्या कापसाच्या भावाच्या, सावकाराच्या व्याजाच्या आणि न झालेल्या पांदण रस्त्याच्याही असत. मालकासमोर एरवी मान वर न करणारा सालगडी त्या दिवशी सगळ्या गावासमोर, मालकाच्याच बैलाचा कासरा हातात धरून, मालकाच्या कंजूषपणावर झडती म्हणत असे आणि मालकाला ती हसून ऐकावी लागे. पोळा फुटल्यावर, म्हणजे तोरणाखालच्या जोड्या पांगल्यावर, तोच सालगडी बैल घेऊन घरोघरी जाई. बाया बैलाचे पाय धुऊन त्याला ओवाळत, पुरणपोळी चारत आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवत. गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत साल भरणाऱ्या त्या माणसाचा संबंध गावातल्या प्रत्येक उंबरठ्याशी वर्षातून एकदा तरी असा मानाने येत असे.

आज बैल कमी झाले आहेत, हे मला मान्य आहे. ट्रॅक्टर आल्यावर एका जोडीला वर्षभर चारा-पाणी घालणे अल्पभूधारकाला परवडत नाही. पूर्वी आखरावर दोन लांब रांगा लागत, गेल्या वर्षी एक रांगसुद्धा पूर्ण भरली नाही. माझा प्रश्न मात्र बैलांच्या संख्येचा नाही. गेल्या वर्षी प्रथमच तालुक्याहून डीजे आणला. तोरणाखाली झडतीकार उभा होता, त्याचे ओठ हलत होते आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाही त्याचा शब्द ऐकू येत नव्हता. एक गोऱ्हा बिथरून कासऱ्याला हिसडा देऊन पळाला आणि एका वृद्ध गृहस्थांच्या खांद्याला मार बसला. डफडे वाजवणारे आमचे चार जण त्या दिवशी पाराच्या कडेला बसून होते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

मला असे वाटते की सण गावाला घडवतो तो त्यातल्या कामाच्या वाटणीतून. काम विकत घेतले की सण उरतो, परंतु त्यातून गाव घडणे थांबते. इतर गावांत काय अनुभव आहे, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे.

निवृत्त ग्रामसेवक

आपल्या बैठकीत उपयोगी पडेल असे आधी सांगतो. ध्वनिप्रदूषणाबाबतचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील फार तर 15 दिवसांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. पोळा दिवसा असतो, म्हणून वेळेचे बंधन तेथे आड येत नाही, परंतु 55 डेसिबलची मर्यादा दिवसालाच लागू आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. तरीही कायद्याचा कागद दाखवून बैठक जिंकू नये, असा माझा तीस वर्षांच्या नोकरीनंतरचा सल्ला आहे. कागदाने डीजे थांबेल, पण डफडेवाले परत आखरावर येणार नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझी बहुतेक नोकरी अमरावती जिल्ह्यात झाली आणि त्यात यात्रांचा बंदोबस्त बराच वाट्याला आला. चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. ती 20 डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या अखेरपर्यंत, म्हणजे महिन्याहून अधिक काळ चालते. रोडगे, वांग्याची भाजी आणि मातीच्या हंडीत शिजवलेले मटण यांसाठी लोक दुरून येतात. एवढे दिवस माणसांची ये-जा असेल तर पाणी हवे, दिवे हवेत, शौचालये हवीत, सांडपाण्याची वाट हवी, एसटीच्या जादा गाड्या हव्यात. यात्रा उठली की यांतले काही मागे उरते. ज्या गावांना एरवी कोणी विचारले नसते, त्यांना रस्ता, विहीर, हातपंप आणि विजेचे खांब यात्रेमुळे मिळाले, हे मी स्वतः कागदोपत्री पाहिले आहे. सणाने गाव घडते याचा हा अगदी ठोस अर्थ आहे, आणि त्याचा विचार भावनेच्या भरात राहून जाऊ नये असे मला वाटते.

याचबरोबर गाडगेबाबांची आठवण करणे मला आवश्यक वाटते. त्यांचा जन्म 1876 सालचा, शेंडगावचा. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते, आणि नदीकाठी चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून बाबांनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले होते. बाबांची रीत अशी होती की गावात यायचे, दिवसभर खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करायचे. जत्रेत जमलेली गर्दी ही काम करू शकणाऱ्या हातांची गर्दी आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांमध्ये मी त्यांना फार वर मानतो. देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध ते जत्रांमधूनच बोलत आणि लोक ऐकून घेत, कारण बोलणाऱ्याच्या हातातला खराटा त्यांनी दिवसभर पाहिलेला असे. पुढे शासनाने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा आम्ही गावोगाव फिरलो. ज्या गावांत दरवर्षी एकत्र पंगत उठवण्याची सवय होती, तेथे श्रमदानाला माणसे जमवणे आम्हाला सोपे गेले.

वैनगंगेकाठची

मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीकडची आहे. आमच्याकडे गावाचे वर्ष मंडईभोवती फिरते, म्हणून त्याविषयी लिहिते.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात, मंडई सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, आणि शेजारच्या गावाचा दिवस आपल्यावर येऊ नये याची काळजी दोन्ही गावांचे लोक घेतात. हलके धान तोवर निघालेले असते, हाती थोडा पैसा असतो. सासरी गेलेल्या लेकी आणि त्यांची मुले माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. दिवसा बाजार आणि दंडार, संध्याकाळी खडी गंमत (ही दोन्ही आमच्याकडची लोकनाट्ये) आणि रात्री नाटक, असा क्रम असतो. आमच्या पाच मावश्यांपैकी तिघींची सोयरीक मंडईच्या गर्दीतच जुळली. त्यासाठी वेगळा कार्यक्रम करावा लागला नाही. मुलगी मावशीकडे आलेली असते, मुलगा मित्राकडे आलेला असतो, आणि दोन्हीकडच्या बायका चुलीपाशी एकमेकींची माहिती काढून घेतात.

काळी माती भाऊंनी लिहिले आहे की काम विकत घेतले की गाव घडणे थांबते. मला येथे थोडे वेगळे सांगायचे आहे. आमचे नाटक विकतच घेतलेले असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. दिवाळीआधी गावातली तरुण मंडळी तेथे जातात, नाटक ठरवतात, विसार देतात आणि होळीपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते आणि लोक चादरी-सतरंज्या घेऊन अख्ख्या कुटुंबासह बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात घरातल्याच माणसाचा सन्मान झाल्यासारखा आनंद झाला होता.

नाटक विकत आणले तरी ते उभे करणे मात्र गावालाच करावे लागते. मांडवाला बांबू कोणी द्यायचे, कलावंतांचे जेवण कोणाच्या घरी, तिकिटाच्या दारावर कोण बसणार, पाऊस आला तर नुकसान कोणी सोसायचे, हे सगळे बैठकीत ठरते. माझ्या भावाने विसाव्या वर्षी पहिल्यांदा गावाचा पैसा हाताळला तो मंडईत. त्या वर्षी तोटा आला. प्रत्येकाने आपापला वाटा भरला, आणि भावाने आपले धान विकून त्याचा वाटा दिला. हिशेब पारावर वाचून दाखवला तेव्हा कोणी एक शब्द बोलले नाही. पुढे तोच ग्रामपंचायतीचा सदस्य झाला. टाळेबंदीच्या वर्षी नाटके झाली नाहीत, तेव्हा वडशाच्या कलावंतांवर जी वेळ आली तिच्याविषयी सगळेच बोलले. मात्र ज्या मुलांनी त्या वर्षी हिशेब ठेवायला शिकायचे होते ती शिकली नाहीत, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

म्हणून मला वाटते की बाहेरून काय आणले यापेक्षा गावाने त्यात स्वतः काय अंगावर घेतले, हे विचारायला हवे. डीजे ठरवणाऱ्या मुलांना पैसे देण्याशिवाय दुसरे काही करावे लागत नाही.

निळी पहाट

वरचे तिन्ही प्रतिसाद आवडले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला भाग आहे.

काळी माती दादांनी कामाची वाटणी फार आपुलकीने सांगितली. ती वाटणी जातीची होती. डफडे वाजवणारे कोणत्या वस्तीतले होते, चामडी पट्टे कोण करून देत असे, आणि पंगत बसली की त्यांची पाने कुठे मांडली जात, हेही सांगितले पाहिजे. माझे आजोबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात आमच्या गावात पोळ्याला वाजवायचे. तोरणाखाली पहिला मान पाटलाच्या बैलाचा, त्याच्या शिंगांना मखर बांधायचे, आणि आमच्या वस्तीत कोणाची जोडी असलीच तर ती रांगेच्या शेवटी उभी राहायची. आजोबांना बोजारा मिळत असे, परंतु तो वरून हातावर टाकला जात असे. आपण ज्याला मान म्हणता त्यात हे सगळे होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आजोबा चांद्याला पायी गेले होते. परत आल्यावर त्यांनी डफडे खुंटीला टांगले ते कायमचे. गावाने त्यांना सणाचे काम अडवल्याचा दोष दिला. आमच्या वस्तीसाठी मात्र गाव घडायला सुरुवात झाली ती त्या नकारापासून. पुढे वस्तीत विहार उभे राहिले, ते प्रत्येक घरातून आलेल्या विटांचे. दरवर्षी ऑक्टोबरात लोक दीक्षाभूमीवर जातात आणि परतताना पुस्तके आणतात. आमच्या विहारातले कपाट असे एकेक पुस्तक येऊन भरले. 14 एप्रिलची मिरवणूक, भाषणाच्या स्पर्धा, रात्रीची भीमगीते आणि सगळ्यांचे एकत्र जेवण यांत मी बोलायला, हिशेब मांडायला आणि पाहुण्यांचे स्वागत करायला शिकलो.

तेव्हा सण गाव घडवतो हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु तो कोणाला कुठे उभे करून घडवतो, हा प्रश्न आपल्या मांडणीत आधी यायला हवा होता. आपले डफडेवाले पाराच्या कडेला बसले होते म्हणून आपणास वाईट वाटले, ते खरे आहे यात मला शंका नाही. त्यांना यंदा बोलवायचे असेल तर डीजेवाल्याला जेवढी रक्कम ठरवून दिली होती तेवढीच रक्कम ठरवून द्या, आणि त्यांच्यापैकी एकाला बैठकीत बसवा.

काळी माती

निळी पहाट भाऊ, आपण लिहिलेले दोनदा वाचले. माझ्याकडून हे सुटले, आणि ते सुटावे इतका मी त्या रांगेच्या पुढच्या भागात वाढलेला आहे, हे मला कबूल केले पाहिजे. आपली सूचना बैठकीत जशीच्या तशी मांडणार आहे.

वैनगंगेकाठच्या ताईंचा हिशेबाचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. आमच्याकडे डीजेच्या वर्गणीचा हिशेब गेल्या वर्षी वाचलाच गेला नाही.

तुरीचे शेत

मी यवतमाळ जिल्ह्यातील आहे. उभे कोणाला करतात असा प्रश्न निघालाच आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझे पती गेल्याला नऊ वर्षे झाली. कर्जाचे आणि नापिकीचे ते वर्ष होते, त्यापेक्षा अधिक लिहीत नाही. साडेचार एकर शेत मी स्वतः करते. बैलजोडी मी ठेवली आहे, कारण डवऱ्याचे, म्हणजे पिकाच्या ओळींत कोळपण्याचे, काम मला जोडीनेच जमते आणि दरवेळी ट्रॅक्टरवाल्याची वाट पाहणे मला परवडत नाही. माझ्या बैलांचे खांदे मी शेकते, त्यांना धुणे, चारणे, रात्री उठून पाहणे हे मीच करते. पोळ्याच्या दिवशी मात्र माझी जोडी शेजारचा मुलगा तोरणाखाली नेतो आणि बैल दारात आले की ओवाळायला दिरांच्या घरून जाऊ येते. मी दाराआड उभी असते. मी विधवा आहे, म्हणून माझ्या बैलांना मी ओवाळू नये असे गाव मानते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना माझ्या हातचे चालते.

आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई असते. घरोघरी गाणी म्हणायची आणि झाकलेली खिरापत ओळखायची. लहानपणी त्या महिनाभरात मी सगळ्या आळीतली घरे आतून पाहिली, कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही हे मला कळले. आज माझी मुलगी भुलाबाईला जाते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या दारावरून बायका पुढे जातात, ते तीही पाहते. सणाने मुलीला गाव दाखवले, आणि सणानेच तिला तिच्या आईची जागाही दाखवली.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आमच्या ग्रामसभेत तो विषय वाचून दाखवला गेला आणि सर्वांनी माना डोलावल्या. पोळ्याला काही बदलले नाही, कारण पोळा ग्रामसभेत ठरत नाही. तो पारावर ठरतो आणि पारावर आम्ही नसतो. काळी माती दादा, तुमच्या रविवारच्या बैठकीत किती बाया असतील?

सातपुड्याच्या पायथ्याशी

मेळघाटात मी बारा वर्षे शिक्षक आहे. ताईंनी लिहिलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, परंतु येथील कोरकू आदिवासी गावांतील होळीविषयी लिहिलेले कदाचित उपयोगी पडेल.

धारणी-चिखलदरा भागातील बरीच कुटुंबे पावसाळी पीक निघाले की कामासाठी बाहेर जातात. वर्गातली मुले त्यांच्याबरोबर जातात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी माझा हजेरीपट रिकामा होत जातो. होळीला मात्र सगळे परततात. मुकादमाकडे उचल बाकी असो अथवा नसो, होळीला गावी पोहोचायचेच, असा या लोकांचा निश्चय असतो. होळीपूर्वीचा आठवडी बाजार हा वर्षातला सर्वांत मोठा बाजार असतो. पुढचे चार-पाच दिवस फगव्याचे, म्हणजे होळीची बक्षिसी मागण्याचे, असतात, काही गावांत मेघनाथाच्या खांबाभोवती यात्रा भरते, आणि रात्री स्त्री-पुरुष मिळून गदली-सुसून हे नाच नाचतात. येथे बायका दाराआड नसतात. फगवा मागायलाही बायकाच रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात.

ज्या समाजाची माणसे वर्षातले चार-पाच महिने विखुरलेली असतात, त्यांच्यासाठी होळी हीच ग्रामसभा असते. भांडणे याच दिवसांत मिटतात, लग्ने ठरतात, पुढच्या हंगामात कोणी कुठे जायचे हेही ठरते. आमच्या शाळेने हे ओळखायला उशीर केला. पालकसभा आम्ही जानेवारीत घ्यायचो आणि पालक येत नाहीत अशी तक्रार करायचो. गेल्या काही वर्षांपासून ती होळीच्या तिसऱ्या दिवशी, झाडाखाली घेतो. लसीकरणासाठी येणाऱ्या ताईही तोच दिवस धरतात.

निवृत्त ग्रामसेवक

तुरीचे शेत ताई, मी इतकी वर्षे ग्रामसभांचे ठराव लिहिले, परंतु पारावरच्या बैठकीला बाया का नसतात हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही. त्याचा खेद वाटतो.

आवाजाचा विषय निघाला आहे म्हणून एक दृश्य सांगतो. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखोंचा समुदाय जमतो. महाराजांचे निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झाले, आणि दरवर्षी त्या क्षणी सगळा समुदाय मौन पाळतो. मी बंदोबस्ताच्या निमित्ताने चार वेळा तेथे उभा होतो. इतक्या माणसांत पाखराचे बोलणे ऐकू येते. ज्यांनी आयुष्यभर खंजिरी वाजवून गावे जागवली त्यांना लोक शांत राहून वंदन करतात, आणि त्यासाठी कोणालाही वर्गणी द्यावी लागत नाही. ग्रामगीतेत महाराजांनी सण-उत्सवांवर आणि यात्रा-मेळ्यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत, ते बैठकीपूर्वी एखाद्याने पारावर मोठ्याने वाचावेत असे सुचवतो.

वैनगंगेकाठची

तुरीचे शेत ताई, नाटकाच्या दारावर तिकिटे फाडायला आमच्या गावात अलीकडे दोन मुली बसतात. पहिल्या वर्षी बरीच बोलणी ऐकावी लागली. पहिली मुलगी बसली ती कोणाच्या परवानगीने नव्हे. त्या रात्री तिचा भाऊ आजारी होता आणि पेटी सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तुमच्या शेजारचा मुलगा एखाद्या वर्षी पोळ्याला गावी नसला तर काय होईल, असा विचार माझ्या मनात आला.

काळी माती

पोळा होऊन आठवडा झाला. जे घडले ते आहे तसे लिहितो.

बैठकीला पंचेचाळीस-पन्नास माणसे होती. मी आधी चार घरी जाऊन सांगून आलो होतो, म्हणून सहा बाया आल्या. त्यांपैकी दोघी स्वतःची शेती करणाऱ्या होत्या. तरुणांचे म्हणणे असे होते की शहरात कामाला गेलेले मित्र वर्षातून एकदा येतात आणि डीजे नसेल तर ते येणार नाहीत. हे म्हणणे मला वाटले होते तितके पोकळ नव्हते. जी मुले वर्षभर गोदामात नाहीतर कारखान्यात पाळीवर उभी असतात, त्यांना एक संध्याकाळ मोकळेपणी नाचावेसे वाटते, यात गैर काय आहे? शेवटी असे ठरले की तोरण बांधल्यापासून पोळा फुटेपर्यंत आखरावर कोणतेही यंत्र वाजणार नाही. पोळा फुटल्यावर, बैल घरी गेल्यावर, मुलांनी आपल्या पैशाने शाळेच्या मैदानावर रात्री 10 पर्यंत काय लावायचे ते लावावे, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या करीला, तान्ह्या पोळ्याच्या वेळी वाचावा.

डफडेवाल्यांना गेल्या वर्षीच्या डीजेएवढीच रक्कम ठरवून दिली. चौघांपैकी तिघे आले. चौथ्याने निरोप पाठवला की त्याला वाजवायचे नाही, आणि यंदा तो आपली एक जोडी घेऊन रांगेत उभा राहील. तो उभा राहिला. रांग आल्या क्रमाने लावायची असे बैठकीत ठरले होते, तरी पहिली जागा जुन्या घरासाठी सोडलेलीच होती, आणि ती कोणी सोडली हे विचारल्यावर कोणी सांगेना. ते काम अपुरे राहिले आहे.

झडत्या बारा झाल्या. एक झडती सोयाबीनच्या भावावर होती, एक पीकविम्यावर, आणि एक सरळ माझ्यावर होती : बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि पोळ्याच्या गोष्टी सांगत फिरतो, अशा अर्थाची. ती एका सोळा वर्षांच्या मुलाने रचली होती. पुढच्या वर्षासाठी या झडत्या वहीत उतरवून ठेवण्याचे काम त्यालाच दिले आहे.

बैठकीला आलेल्या, स्वतःची शेती करणाऱ्या त्या दोघींपैकी एक विधवा आहे. पोळा फुटल्यावर तिची जोडी तिच्या दारात आली. तिने आरतीचे ताट आत तयार ठेवले होते आणि नेहमीप्रमाणे शेजारीण ओवाळायला आली होती. शेजारणीने ताट उचलून तिच्याच हातात दिले. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने उजव्या बैलाला ओवाळले, आणि डाव्या बैलाच्या वेळी ताट शेजारणीकडे परत दिले. गल्लीत आम्ही दहा-बारा जण होतो, कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी दोन घरांतून नाराजीचे बोलणे कानावर आले.

तुरीचे शेत ताई, तुमच्याकडे काय झाले ते कळवाल का?

तुरीचे शेत

शेजारचा मुलगा यंदा गावीच होता. बैल त्यानेच नेले. परत आणल्यावर त्याने कासरा माझ्या मुलीच्या हातात दिला, आणि घरोघरी बैल तिने नेले. तिला मिळालेला बोजारा एकशे सत्तर रुपये झाला. ती म्हणते आहे की त्याची घागरमाळ घ्यायची.